थोरांच्या पंगतीतले दोन पाट

"आणि कवीला सेनापतीशेजारी का बसवलंस?"

"सेनापती बहिरे होते, बुवा. कवी कुणालाही काहीही बोलायचा. तिथं तो निर्धास्त."

मठाच्या गादीवरचे धर्माबुवा खळखळून हसले. विश्वंभर हसला नाही. सकाळपासून तो ओणवा होऊन पाट मांडत होता, आणि कालची गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती.

नदीकाठच्या त्या मठात वर्षातून एकदा थोरांची पंगत बसे. ज्यांनी मठाला जमीन दिली, ग्रंथ दिले, गाणं दिलं, ते दिवंगत नामवंत त्या दिवशी जेवायला येतात अशी तिथली श्रद्धा. प्रत्येकाचा पाट, पुढे केळीचं पान, पानापुढे रांगोळीत नाव. नैवेद्य झाला की मठातली माणसं त्यांच्या वतीनं बसून जेवत. कुणी कुणाच्या वतीनं बसायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. कोण कुणाच्या शेजारी, एवढं मात्र दरवर्षी विश्वंभर ठरवी. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायचे कष्टही तो घेत नसे.

"राजा वीरसेन कवीपासून एवढे दूर?"

"कवीनं त्यांच्या मिशांवर आर्या रचली होती. बखरीत आहे."

"आणि शास्त्रीबुवा खांबाआड?"

"त्यांना राजाचा हेवा होता. त्यांच्याच पत्रात आहे. समोर दिसले की घास उतरायचा नाही."

"वा. माणसं मेली तरी सगळ्यांचं सगळं चांगलं ध्यानात ठेवतोस."

विश्वंभरनं पुढचा पाट सरळ केला. एरवी या शाबासकीनं तो फुलला असता. पण काल संध्याकाळी बुवांनी सगळ्यांसमोर गादीचा वारस सांगितला होता. त्र्यंबक! विश्वंभर मठात आला तेव्हा त्या त्र्यंबकाला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. त्याला मुळाक्षरं शिकवली विश्वंभरनं, तापात त्याच्या उशाशी बसला विश्वंभर, आणि गादी मिळाली त्याला. विश्वंभर रात्रभर तळमळला. शेवटी त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की पंगत उठली की मठ सोडायचा आणि त्या पोराचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

बुवा काठी टेकत ओळीच्या टोकाशी गेले. तिथं एक पाट होता, हरिबुवांचा. मग ते वळले आणि सावकाश चालत थेट दुसऱ्या टोकाला गेले. तिथं चिंतोबुवांचा पाट होता.

हे दोघं मठाच्या संस्थापकांचे शिष्य. हरिबुवा थोरले, पण गादी मिळाली धाकट्या चिंतोबुवांना. हरिबुवांच्या पाटावर दरवर्षी मठातला थोरला शिष्य, म्हणजे विश्वंभर, बसे; चिंतोबुवांच्या पाटावर गादीचा वारस, आणि तो ठरला नसेल तोवर गादीवरचे बुवा.

"या दोघांत अख्खी पंगत घातलीस."

"घालावीच लागली, बुवा."

"का?"

"हरिबुवांना त्यांचा मत्सर होता. जबरदस्त मत्सर."

"कोणत्या बखरीत आहे?"

"बखरीत... नाही."

"पत्र आहे?"

"पत्र नाही."

"मग?"

"त्यात लिहायचं काय आहे?" विश्वंभरचा आवाज चढला. "सगळा जन्म सेवा केली त्यांनी. झाडलोट केली, गुरूंचे पाय चेपले. आणि धाकट्याला उचलून गादीवर बसवलं! काय वाटलं असेल त्यांना? त्याला जेवताना बघून घशात घास अडकत असेल. त्याचं हसणं ऐकून अंगाचा तिळपापड होत असेल. हे कुणालाही कळेल!"

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले.

विश्वंभर पुढे काही बोलायला गेला... आणि थांबला. हातातली रांगोळी पायावर सांडली.

स्वयंपाकघरात कुणीतरी वरणाला फोडणी दिली.

विश्वंभर म्हणाला, "मला जळतंय, बुवा."

"हं."

"हरिबुवांना... नव्हतं का हो असं वाटलं?"

"मला काय माहीत? मी तेव्हा नव्हतो." बुवा खाली वाकले. "तूही नव्हतास."

त्यांनी हरिबुवांचा पाट उचलला. विश्वंभर पुढे झाला, तरी त्याला हात लावू दिला नाही. पाट घेऊन ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला आले आणि चिंतोबुवांच्या पाटाला खेटून तो ठेवला. मग परत गेले, हरिबुवांचं मोकळं पान उचललं, त्याची गुंडाळी केली आणि बाहेर गाईपुढे टाकून आले.

"त्र्यंबका!" त्यांनी हाक मारली.

त्र्यंबक ओले हात पुसत आला. त्यानं दोन पाट पाहिले, एक पान पाहिलं, आणि विश्वंभरकडे पाहायचं त्याचं धाडस होईना. मान खाली घालून तो चिंतोबुवांच्या पाटावर बसला.

विश्वंभर उभाच होता.

"बुवा, इथं मी... याच्याबरोबर कसा बसू?"

बुवांनी पानावर भाताची एकच मूद वाढली.

"पान एकच आहे," ते म्हणाले. "आता हवं तेवढं लांब बस."