भिवराने जिरवलेला महाल

उदयभान राजाने जुना महाल पाडला आणि त्याहून एक मजला उंच असा नवा बांधला. जुन्याचा राडारोडा बेलदार आळीच्या तोंडाशी आणून ओतला. फुटक्या विटा, चुन्याची ढेकळं, दगडांचे तुकडे. ढीग एवढा वाढला की आळीतल्या बायांना पाण्याला जायला वाट उरेना.

आळीने गाऱ्हाणं केलं. राजा म्हणाला, पाडव्याला आमची मिरवणूक त्याच वाटेने जाणार आहे, तोवर ढीग तुम्हीच हलवा. बेलदारांना वाटलं, गाढवं आहेत, गोण्या आहेत, हातात चार महिने आहेत. होईल. मग राजाने अटी सांगितल्या. आमच्या वाडवडिलांच्या महालाची चिमूटभर मातीही वेशीबाहेर जाता कामा नये. नदीत टाकायची नाही. जमिनीत पुरायची नाही. आणि गावात कुठेही ढीग दिसायचा नाही. एवढं जमलं नाही, तर आळीतली चाळीस घरं उठवायची आणि राडारोडा त्या जागेवर पसरायचा.

आळीचा म्हातारा कारभारी देवबा म्हणाला, या अटी नव्हेत, उठायचा हुकूम आहे. सामान बांधा.

भिवराने सामान बांधलं नाही. ती चुन्याची घाणी चालवायची. बैल गोल फिरतो, दगडी चाक चरातून फिरतं, चुना मळला जातो. नवऱ्यामागे दहा वर्षं ती हेच करत होती. ती दरबारात गेली आणि राजासमोर उभी राहिली.

"महाराज, अटी चारच ना? पाचवी मागाहून निघायची नाही ना?"

राजाने मिशीला पीळ दिला. म्हणाला, "चारच. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी आळी ढिगाला भिडली. भिवराने आधी निवड करायला लावली. अख्ख्या विटा एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, दगड तिसरीकडे. जुना चुना कुटून चाळला, तो वाळूच्या जागी आला. विटांचा अगदी चुरा होता तो घाणीत घातला. बैलाने तो पिठासारखा दळला. त्या पुडीला बेलदार सुरखी म्हणतात. चुन्यात सुरखी, वर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. लाकडी साच्यात हे मिश्रण आणि खडी ठोकून भरली, की दुसऱ्या दिवशी ठोकळा निघे. तो सावलीत ठेवायचा आणि रोज पाणी पाजायचं. भट्टी नको, जळण नको.

राजाचा मोठा गवंडी गजाबा रोज बघायला यायचा आणि हसायचा. सुरखीने चुना लाल होतो म्हणून नव्या महालात त्याने ती चिमूटभरही घातली नव्हती. सगळं काम पांढरंशुभ्र. तो म्हणायचा, केराची घरं करताय, पाण्याने विरघळतील.

"गजाबा, आमच्या गाढवांचा हौद याच केराचा आहे," भिवरा म्हणाली. "बारा दिवस काठोकाठ भरलेला आहे. महाराजांचा हौद किती दिवस भरलेला राहतो?"

गजाबा पुन्हा आळीत फिरकला नाही. महालातला पांढरा हौद संध्याकाळी भरला की सकाळी कोरडा पडत होता आणि राजा तांब्याने आंघोळ करत होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पाडवा आला. वाजतगाजत मिरवणूक बेलदार आळीशी पोचली आणि थांबली. ढीग नव्हता. राजाने आधी वेशीवरच्या पहारेकऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, एक गोणी बाहेर गेली नाही. कोळ्यांना नदीत उतरवलं. हाताला गाळ लागला, वीट नाही. चार ठिकाणी खणून पाहिलं. खाली जुनीच काळी माती.

"माझा महाल गेला कुठे?" राजा म्हणाला.

"महाराज त्याच्यावरच उभे आहेत," भिवरा म्हणाली. "पायाखालची फरसबंदी तुमची. समोरच्या भिंती तुमच्या. जोती, पायऱ्या, सगळं जमिनीच्या वर. आत या, घर बघा."

राजाने घरं पाहिली. कालपर्यंत मातीच्या भिंती होत्या तिथे सरळ, घट्ट, लालसर भिंती उभ्या होत्या. त्याने तलवारीच्या मुठीने एक ठोकून पाहिली. पोपडासुद्धा उडाला नाही. हरलो म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो वळला आणि म्हणाला, राडारोडा माझा, तेव्हा त्याची घरंही माझी. उद्या रिकामी करा.

देवबा मटकन पायरीवर बसला. भिवराने कपाळावरचा पदर सारखा केला.

"हरकत नाही, महाराज. तुमचं तुम्ही घ्या. आम्ही मातीच्या भिंती पुन्हा घालू, आमच्याच जागेवर. जागा उठवायची ती ढीग हलला नाही तर, आणि ढीग तर हलला. तेव्हा ही घरं उद्या तुम्हालाच पाडून न्यावी लागतील. मग ढीग तुमच्या दारात. वेशीबाहेर न्यायचा नाही, नदीत टाकायचा नाही, पुरायचा नाही, आणि दिसायचाही नाही. राजाचा हुकूम राजा मोडत नसतो. आम्हाला चार महिने लागले. महाराजांना किती लागतील?"

वाजंत्री केव्हाच थांबली होती. राजाने गजाबाकडे पाहिलं. गजाबा आभाळाकडे बघत होता. मग राजा हसला. आधी मिशीत, मग पोट धरून. घोड्यावरचे सरदार हसले, पायरीवर बसलेला देवबाही हसला.

राजाने तिथल्या तिथे चाळीस घरं आळीच्या नावे लिहून दिली. भिवराच्या अंगावर शालजोडी घातली. आणि आपल्या राज्यात जिथे जिथे काही पाडलं जाईल, तिथला सगळा राडारोडा आजपासून भिवराच्या घाणीकडे येईल, असा हुकूम काढला.

"येऊ द्या, महाराज," भिवरा म्हणाली. "पण निवडून पाठवायला सांगा. विटा वेगळ्या, दगड वेगळे. सरमिसळ आणली तर गाढवं दारातून परत पाठवीन. मग ती तुमच्या फौजदाराची का असेनात."