वाळलं ते आमचं

सावळदऱ्याच्या डोंगरावर चढताना उजव्या हाताला जी झाडं लागतात, त्यांच्या कमरेला मातीचा पट्टा दिसेल. वरून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. कुणी म्हणतं नवस आहे, कुणी फोटो काढतं. मागच्या साली एका पाहुण्यानं आत काय आहे ते बघायला नखानं माती उकरली. तसं करू नका. ती जखमेवरची पट्टी आहे. माणसाच्या जखमेची पट्टी कुणी गंमत म्हणून सोडतं का?

वर कपारीपाशी एक धावडा उभा आहे, बिनसालीचा, हाडासारखा पांढरा. त्याला पट्टा नाही. तो मेलेला आहे आणि किती पिढ्यांपूर्वी मेला ते कुणाला ठाऊक नाही. त्याची काडी कुणी सरपणाला नेत नाही. का नेत नाही ते आधी ऐका, मग वर चला.

ह्या डोंगराची देवी वलाई. वल म्हणजे ओल. तिला मूर्ती नाही, मुखवटा नाही. कपारीतला एक काळा दगड भर उन्हाळ्यातही पाझरतो, तीच वलाई. चारी बाजूंना नुसता माळ, कुसळं आणि खडक. असं सांगतात, की पहिली सात घरं पाण्याच्या मागानं इथं आली तेव्हा त्यांनी त्या दगडावर हात ठेवून शब्द दिला, "वाळलं ते आमचं, वलं ते तुझं." म्हणजे वाळून पडलेलं लाकूड गावानं न्यावं, ओल्या झाडाला हात लावू नये, आणि देवीनं दगड पाझरता ठेवावा. दर आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गुरव हा शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि गाव त्याच्या मागून. शब्द सोपा होता. सोप्या शब्दालाच माणूस पळवाट काढतो.

ती पळवाट काढली गोजानं.

गोजा कुंभाराची सून. नवरा सटवा चाकावर बसायचा, पण माती चाळणं, लीद आणि राख घालून मळणं, आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, रचून तो भाजणं, हे सगळं गोजाचं. आखितीला पितरांच्या नावानं पाण्याचं मडकं पूजतात. आसपासच्या बारा वाड्यांना ती मडकी ह्या एका घरातून जायची. मडकं नाही गेलं तर त्या घरचे पितर तहानलेले राहणार, आणि शिव्या बसणार कुंभाराला. एका साली पडलेलं लाकूड आव्याला पुरेना. गोजानं डोंगर पालथा घातला, हाती आल्या चार काटक्या.

पुढच्या कार्तिकात ती विळा घेऊन वर गेली. कपारीजवळच्या धावड्याची साल तिनं कमरेएवढ्या उंचीवर वीतभर सोलली, सगळीकडून गोल, करगोटा बांधतात तशी. झाड तोडलं नाही, फांदी छाटली नाही. नुसती साल. फाल्गुनात धावडा उभ्या उभ्या वाळला. तिनं त्याच्या फांद्या उतरवल्या. जाड खोड विळ्याला आवरेना, ते तसंच उभं राहिलं.

म्हादू गुरव रोज दगडाला फूल वाहायला जायचा. त्यानं बघितलं, आणि उतरताना गोजाला वाटेत गाठलं.

"गोजे, ते झाड वाळलं का वाळवलं?"

"शब्दात 'वाळलं' एवढंच हाय, मामा. कसं वाळलं ते कुठं म्हटलंय? दरसाल तुम्हीच तर म्हणता."

"जिभेला हाड न्हाई तुझ्या."

"न्हाईच. पर तुमच्या आखितीच्या मडक्याला लाकूड लागतं, ते कुठनं आणू?"

गुरव आपल्या वाटेनं खाली उतरला. वाईट माणूस नव्हता तो, पण मडकं त्यालाही लागत होतं.

आणि शहाणपण पसरायला कितीसा वेळ लागतो? लोहाराची बायको म्हणाली, गोजाला काय झालं नाही, मला काय होतंय. पाटलिणीनं गडी धाडला. तीन सालांत डोंगराच्या निम्म्या झाडांच्या कमरेला पांढरी कडी आली. कार्तिकात सोलायचं, फाल्गुनात तोडायचं. आखितीला पुन्हा सगळ्यांनी हात जोडून तोच शब्द म्हणायचा, आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नव्हती.

चौथ्या साली पाऊस एकदाच आला. उघड्या डोंगरावरून लाल लोंढा सुटला, माती घेऊन पायथ्याच्या तळ्यात उतरला, तळं गाळानं भरून गेलं. पाणी थांबलं नाही. झाडाची मुळी नाही, पाला नाही, ते थांबणार कशाला धरून? पौषात गावची विहीर आटली, कपारीतला दगड पाझरायचा बंद झाला. गुरवानं तळहात लावून बघितला, तो भाकरी भाजायच्या तव्यासारखा कोरडा.

इथपर्यंत दुष्काळच. दुष्काळ ह्या मुलखानं पाहिलेले आहेत. पण पुढचं जे सांगतात, ते सांगताना आमच्या म्हाताऱ्या अजून पदर तोंडाला लावतात.

पाटलाचा बाप वारला. बायका जमल्या, ऊर बडवायला लागल्या. थोड्या वेळानं पाटलीण खालच्या आवाजात म्हणाली, "रडा की गं नीट, लोक काय म्हणतील."

"रडतोयच की," लोहारीण म्हणाली. "पाणीच येईना."

बायकांनी एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. सगळ्यांचे डोळे लाल, आणि एकीच्याही गालावर थेंब नाही. म्हातारा तसाच मुक्यानं उचलला.

त्यानंतर गाईंची आचळं सुकली. तोंडात लाळ येईना, भाकरीचा घास गालात भुशासारखा फिरायचा. सटवा तीन कोसांवरून पाण्याची घागर भरून आणायचा, आणि गावाची शीव ओलांडली की डोक्यावरचं वजन हलकं व्हायचं. घरी उतरवली की आत तळाला पांढरा डाग. एक घर गाव सोडून गेलं, तर म्हणे त्यांच्या घशातली कोरड त्यांच्यासंगं गेली, नदीकाठी बसूनही मिटली नाही.

गोजाच्या मांडीवर तेव्हा पाच महिन्यांची पोर होती. एक ऊर आटला होता. दुसऱ्यातून दुपारच्या वेळी चार थेंब यायचे, तेवढ्यावर पोर तगलेली. रडायची, पण कोरडी रडायची. सुकलेल्या शेंगेत बिया वाजाव्यात तसा आवाज. एके दिवशी सासूनं, बयाबाईनं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

"टाळू आत गेलीय गं," ती म्हणाली. "वाटीवानी."

गोजानं हात लावला. बोट खाली गेलं. उद्याची दुपार ही पोर बघणार नाही, हे तिला सासूनं सांगावं लागलं नाही.

तिनं पोर पदरात बांधली. कुंभाराच्या घरचा नैवेद्य म्हणजे मातीचा गोळा. गोळा होण्यासारखी माती आता उरली नव्हती, भिजतच नव्हती, म्हणून तिनं कोरडीच ओंजळभर पदराच्या टोकाला बांधून घेतली.

"दिवस माथ्यावर आलाय," बयाबाई म्हणाली. "ही वलाईची वेळ. आता वर जाऊ नगं."

"तिच्याच वेळंला जायचंय, आत्याबाई."

भर दुपारी डोंगरावर सावली नव्हती. झाडं उभी होती, पण नुसती खोडं. वारा नसताना खोडं करकरत होती. गोजाला वाटलं मागून कुणी चालतंय. तिनं वळून बघितलं नाही. कपारीत जाऊन तिनं दगडासमोर डोकं टेकलं आणि लहानपणापासून पाठ असलेलं तोंडातून निघालं.

"आई, आम्ही शब्द मोडला न्हाई. वाळलं ते आमचं..."

कपारीतून तिचाच शब्द परत आला. पण बदलून आला.

"वाळलं ते तुमचं."

गोजानं पदरातली पोर दगडापुढं धरली. ती म्हणाली, "माझ्या लेकराला पाणी दे."

"वाळलं ते तुमचं."

आवाज मोठा नव्हता, रागाचाही नव्हता. पंगतीत आग्रहानं वाढणारी बाई बोलते तसा होता. घे की, लाजू नको. आणि मग गोजाच्या ध्यानात आलं. देवीनं काहीच मोडलं नव्हतं. विहीर वाळली, ती तुमची. गाईचं आचळ वाळलं, ते तुमचं. म्हाताऱ्यासाठी रडणारे डोळे वाळले, तेही तुमचे. जे जे वलं होतं ते ते तिनं आपलं म्हणून उचललं होतं. आता मांडीवरची पोर तेवढी पुरती वाळायची राहिली होती. ती वाळली की वलाई म्हणणारच होती, घेऊन जा, तुझीच आहे.

तिनं पोर उराशी धरली आणि बाहेर आली. समोर तिचा पहिला धावडा. तिनं खोडावर मूठ मारली, आतून पोकळ आवाज आला. मेलेला. त्याच्यापलीकडं एक कोवळं अंजनाचं झाड होतं, ते तिनं ह्याच कार्तिकात सोललं होतं. सोलताना खाली उतारावर निजवलेली पोर रडली म्हणून ती अर्धवट टाकून धावली होती. मागच्या बाजूला बोटभर सालीचा पूल राहून गेला होता, आणि त्या बोटभर सालीवर शेंड्याला चार पानं अजून हिरवी होती.

गोजानं पदरातली माती एका चपट्या दगडावर ओतली. तेवढ्यात उरात कळ आली. रोजची दुपारची वेळ, चार थेंबांची. पोरीलाही ती वेळ कळली. तिनं तोंड उघडलं, मान वळवली, ओठांनी शोधायला लागली.

गोजानं तिला बाजूला धरलं.

आणि ऊर मातीवर पिळला. "वलं ते तुझं," ती म्हणाली. पोर बघत होती. असं सांगतात, की ती रडली नाही, नुसती आईच्या हाताकडं बघत राहिली, आणि गोजा सगळ्या आयुष्यात त्या नजरेएवढी कशाला भ्यायली नाही.

मातीनं थेंब घेतले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा माती माती झाली. गोजानं अंगठ्यानं मळली, अंजनाच्या जखमेवर पातळ लिंपली, लुगड्याचा काठ फाडून वरून आवळला. एका झाडापुरतीच झाली ती. मग ती अंजनाला पाठ लावून बसली. मांडीवरची पोर गप्प होती. गप्प पोराची भीती काय असते ते आईला विचारा. खाली बघायचा तिला धीर होईना. सूर्य कलला तरी ती तशीच, डोळे समोरच्या मेलेल्या धावड्यावर.

मग मांडी गरम झाली. तिला वाटलं, उन्हानं. मग लुगडं चिकटलं.

पोरीनं मुतलं होतं.

गोजा हसली, असं म्हणतात. वेड्यासारखी हसली. उठून कपारीत गेली, तर दगडाच्या खालच्या कडेला एक थेंब धरला होता, पडू का नको करत. तिनं लुगड्याचं टोक त्याला लावलं आणि पोरीच्या ओठांवर पिळलं. दिवस मावळेपर्यंत ती एक एक थेंब असाच पिळत राहिली.

गावात येऊन तिनं पाटलिणीच्या ओसरीवर सगळं सांगितलं, स्वतःच्या विळ्यासकट. कुणी तिला शिवी दिली नाही. द्यायला तोंड कुणाला होतं? पाटलीण एवढंच म्हणाली, "साल सोलायचं शहाणपण तूच शिकवलंस. आता ही पट्टी बांधायचीबी तूच शिकव."

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोरांच्या सगळ्या आया माती घेऊन वर गेल्या. जिच्याकडं दोन थेंब तिनं दोन दिले. ज्या झाडांची बोटभर साल शिल्लक होती ती तगली. बाकीची पडली, आणि पडली तिथंच कुजू दिली. त्या आखितीला गुरवानं नवा शब्द म्हटला, "वाळलं तुझं, वलं तुझं. देशील ते आमचं." आवा शेणाच्या गोवऱ्यांवर भाजला. मडकी लाल निघाली नाहीत, काळी निघाली. तेव्हापासून सावळदऱ्याची मडकी काळीच.

डोंगर भरून यायला त्या पोरीचा अख्खा जन्म गेला. ती जगली, नांदली, म्हातारी झाली. पण तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. गोजा गेली तेव्हा ती चितेपाशी कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. परगावचे म्हणाले, काय दगडाची लेक आहे. गावातल्यांना माहीत होतं. वलाईनं सगळं परत दिलं, तेवढं ठेवून घेतलं.

आजही इथं बाई बाळंत झाली की सव्वा महिन्यानं कुंभाराघरची माती घेऊन वर जाते, पाच थेंब पिळते आणि एका झाडाच्या कमरेला पट्टा बांधते, झाडाला जखम असो वा नसो. पोर तोवर बाजूला धरायचं असतं, तो नेम आहे. मेलेला धावडा तसाच उभा आहे. त्याच्याखाली कुणी बसत नाही.

आणि आजही आमच्याकडं तान्हं रडायला लागलं की आई आधी त्याचे डोळे बघते. ओले दिसले की मग विचारते, काय झालं रे बाळा.