छिन्नीचं पसरलेलं डोकं

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

एका गावात एक लोहार होता. मनानं लोण्यासारखा, पण एका बाबतीत भलताच हट्टी. वडील होते तोवर तो बाजारोबाजार विळे-कोयते विकत हिंडला. ते गेल्यावर ऐरणीशी बसला आणि लोखंड तोडायची त्यांची छिन्नी त्याच्या हाती आली.

सात वर्षं घाव सोसून छिन्नीचं डोकं अळंबीसारखं पसरलं होतं. कडा बाहेर वळून चिरल्या होत्या.

तो छिन्नी धरायचा, बायको घण मारायची. ती दर दसऱ्याला म्हणायची, "अहो, हे डोकं कानशीनं घासून घ्या. तुकडा उडाला तर कुणाचा तरी डोळा जाईल."

"अगं, हे बाबांच्या हातचे घाव आहेत. ते मी घासून टाकू?" असं म्हणून तो छिन्नीला हळदकुंकू वाहायचा. आता अशा भाबड्या माणसाशी भांडायचं तरी कसं? सासऱ्यावर तिचाही जीव होता. ती गप्प बसायची.

एके दिवशी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडायला घेतली. तिनं घण मारला आणि कडेचा टवका सणकन उडून तिच्या डोळ्याखाली घुसला. बोटभर वर लागता, तर डोळाच गेला असता. तिचाच पदर जखमेवर दाबून लोहार लहान मुलासारखा रडू लागला.

गलका ऐकून त्याची आई धावत आली. नवरा गेल्यापासून तिनं भट्टीकडे पाऊल टाकलं नव्हतं. तिनं टवका काढला, जखमेत हळद भरली आणि मग छिन्नी उचलली.

"ही कुणाची रे?"

"बाबांची. ओळखली नाहीस? त्यांचे घाव आहेत तिच्यावर."

"त्यांचे? अरे, घण तर मी मारत होते," म्हातारी म्हणाली. "ते नुसती धरायचे. आणि कड जराशी वळली, की काम थांबवून कानस घ्यायचे. घास घास घासायचे, कड उतरती करायचे. मी चिडायचे, तर म्हणायचे, घण मारणारीचे डोळे आधी, गिऱ्हाईक नंतर. ही छिन्नी वीतभर होती, बाळा. आता सहा बोटं उरलीय, बाकीची काय उंदरांनी खाल्ली? आणि हे वर पसरलंय ना, ते तुझ्या सात वर्षांचं."

लोहारानं कानस घेतली आणि डोकं साफ गुळगुळीत होईपर्यंत तो उठला नाही.

बायकोच्या गालावर वण राहिला तो राहिलाच. पुढं रोज सकाळी छिन्नीच्या डोक्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय तो तिच्या हाती घण देत नसे.

म्हणून सांगतो, वडिलांच्या वस्तूची पूजा करण्याआधी, ते ती कशी सांभाळत होते एवढं शिकून घ्यावं.