लेकीचा काठ

एका गावात एक विणकर राहायचा. गाव सगळं विणकरांचंच, पण याच्या हाताला जी सफाई होती ती दुसऱ्या कुणाला नव्हती. त्या गावात एक रीत होती. लेकीचं लग्न ठरलं, की तिच्या लुगड्याचा काठ बापाने स्वतः विणायचा, आणि त्याची नक्षी नवी हवी, आधी कुणाच्याच काठावर नसलेली. त्या काठावरून पोर कुणाची ते सासरी कळायचं.

पुढे काय खूळ शिरलं कोण जाणे, लोकांना जुन्याचं वेड लागलं. जो तो म्हणे, आमच्या पणजीच्या वेळचं लुगडं द्या. विणकराने पेटीतून आजोबांचे काठ काढले आणि हुबेहूब उतरवायला घेतले. नवंकोरं कापड तो हळदीच्या पाण्यात बुडवायचा, चुलीच्या धुरावर धरायचा, म्हणजे ते शंभर वर्षांचं दिसायचं. आजोबांच्या एका काठावर पोपटांची रांग होती आणि शेवटच्या पोपटाला डोळाच नव्हता. यानेही तो तसाच ठेवला. हीच तर अस्सल जुन्याची खूण, असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. बघता बघता अख्खं गाव आंधळे पोपट मिरवू लागलं.

अशी बारा वर्षं गेली आणि त्याच्याच लेकीचं लग्न ठरलं.

विणकर मागावर बसला. धोटा फिरला आणि उमटला तो आजोबांचा मोर. तो त्याने उकलला. पुन्हा बसला, तर आजोबांचीच वेल. आठ दिवस हेच चाललं. स्वतःचं म्हणून काही सुचेचना. आपल्या लेकीला द्यायला आपल्याकडे काहीच नाही, या भीतीने तो मागावरून उठला.

शेवटी तो एका म्हाताऱ्या विणकराकडे गेला. हा म्हातारा आजोबांच्याच हाताखाली शिकलेला. आजोबांना नक्षी सुचायची तरी कुठून, असं याने विचारलं.

"कुठून म्हणजे? दारातल्या पेरूवर पोपट बसायचे, ते बघून त्याने विणले," म्हातारा म्हणाला. "शेवटच्या पोपटापाशी लाल सूत संपलं आणि वऱ्हाड तर दारात उभं. तो डोळा राहिला म्हणून जन्मभर हळहळला बिचारा. आणि तू त्याची चूक खूण म्हणून विकत बसलास?"

विणकर मान खाली घालून परतला. खरं तर तिथेच शहाणं व्हायचं. पण लग्न चार दिवसांवर आलेलं. आजोबांचा सगळ्यात देखणा काठ उतरवून दिला, तर कोण नावं ठेवणार आहे, असं त्याने मनाशी म्हटलं आणि तेच केलं.

लेकीने लुगडं मांडीवर घेतलं. काठावरून हात फिरवला.

"बाबा, हा तुमच्या आजोबांनी त्यांच्या लेकीसाठी विणला होता," ती म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही काय विणलंत?"

पोर रुसली नाही, रडली नाही. तिने घडी घालून लुगडं परत दिलं आणि बिनकाठाचं साधं लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहिली. त्या गावातून तसं सासरी गेलेली ती पहिलीच. ते त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तो पेटी न उघडता मागावर बसला. डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, लेकीची बैलगाडी गेली तो रस्ता. दोन वळणांवर तिने मागे वळून पाहिलं होतं. तो रस्ता त्याने विणला, आणि दोन्ही वळणांवर मागे वळून पाहणारी बारीकशी लेक. हात अडखळला, सूत तुटलं, रेघ वाकडी झाली. तिऱ्हाइताने पाहिलं असतं तर शिकाऊ पोराचं काम म्हणाला असता. त्याने ते लुगडं तसंच सासरी पाठवलं.

लेक काठावरून बोट फिरवत गेली आणि दुसऱ्या वळणावर थांबली.

"बाबा तोवर दारातच उभे होते तर," एवढं म्हणून तिला रडू कोसळलं. त्या दिवशी ती तेच लुगडं नेसली.

तात्पर्य: वाडवडिलांचं कसब जपावं, पण त्यांनी त्यांच्या माणसांसाठी जे केलं ते आपल्या माणसांना पुरत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, वाकडंतिकडं झालं तरी.