अर्धी कापलेली फांदी

"चढू का नको, एवढंच सांगा की, बाबा!"

हिंदुराव पुन्हा तेच विचारत होता. सोमगिरी बाबा चुलीपुढे बसून चहाच्या भांड्यात गूळ टाकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

बाहेर श्रावणातला पाऊस पडत होता. मध्येच थांबायचा, ऊन पडायचं, माणूस उठून उभा राहीपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा.

सोमगिरी बाबांचा मठ गावाबाहेर होता. मठापुढून गावाची वाट जाते आणि त्या वाटेवर एक जुनी जांभूळ उभी आहे. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने तिची एक थोराड फांदी बुंध्याजवळ फाटली आणि बरोबर वाटेवर लोंबू लागली. सकाळी बाबांनी हिंदुरावला निरोप धाडला. तो आला, वर चढला, करवत चालवली. फांदी निम्मी कापून झाली आणि पाऊस आला.

आता ती फांदी फाटलेलीही होती आणि कापलेलीही. आणि संध्याकाळी अर्धं गाव दुधाच्या किटल्या घेऊन तिच्याखालून डेअरीला जाणार होतं.

"सकाळी सगळ्यांसमोर बोललोय, सांजच्या आत फांदी खाली आणतो म्हणून," हिंदुराव म्हणाला. "आणि मी अर्धं काम ठेवून झाडावरनं कधी उतरलेलो न्हाई. इचारा कुणालाबी."

"आज उतरलास की."

"पावसानं उतरवलं."

"बरं..."

हिंदुराव माणूस वाईट नव्हता. झाडं उतरवण्यात आसपासच्या गावांत त्याचं नाव होतं. फक्त ते नाव लोकांपेक्षा तो स्वतःच जास्त वेळा घेत असे. गेली काही वर्षं त्याला बाबांकडून मंत्र हवा होता. गुरुपौर्णिमेला त्याने पायापाशी नारळ ठेवला, तर बाबांनी तो तिथेच फोडला, पोरांना वाटला आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्याही हातावर ठेवला. मंत्राचं नाव काढलं नाही.

आज त्याला मंत्रही नको होता. एक शब्द पुरे होता. बाबांनी 'चढ' म्हटलं असतं तर तो चढला असता, आणि काही बरंवाईट झालं असतं तर ते बाबांच्या शब्दाने झालं असतं.

"खांदी वल्ली हाय, मला कळतंय," तो येरझाऱ्या घालत म्हणाला. "जांभळीचं लाकूड दगा देतंय, ते पण कळतंय. पण खालनं माणसं जाणार हायत. उद्या कुणाच्या डोक्यात पडली म्हंजे?"

बाबा चहा ढवळत राहिले.

"कसं उतरलास सकाळी?"

"भुरभुर लागली. पाय सटकला एकदा. हातभर खाली आलो, पण दोरानं धरलं."

"दोरानं..."

"व्हय. कमरंला बांधलेला. वरच्या बेचक्यातनं घेतलेला."

बाबांनी तीन पितळी पेले भरले. एक हिंदुरावला दिला. दुसरा पडवीच्या खांबाला टेकून बसलेल्या माणसापुढे धरला.

हा सातापा. हिंदुरावच्या बायकोचा भाऊ. हिंदुराव वर चढला की दोराचं दुसरं टोक खाली याच्या हातात असायचं. बोलणं कमी. मठात आल्यापासून तो उजवी मूठ मांडीत दाबून बसला होता आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

पेला गरम होता. सातापाने डावा हात पुढे केला.

"उजव्यानं घे," बाबा म्हणाले.

"हाय की ह्यो."

"उजव्यानं."

सातापाने मूठ मांडीत आणखी दाबली. पावसाचा जोर वाढला. हिंदुराव दाराशी जाऊन आभाळाकडे बघून आला.

"ह्याला काय इचारताय, बाबा? ह्यो भित्रा हाय. सकाळी भुरभुर लागली तवाच खालनं बोंबलत हुता, दाजी उतरा, दाजी उतरा!"

"सातापा," बाबा म्हणाले, "मूठ उघड."

सातापाने आधी आपल्या दाजीकडे पाहिलं. मग हळूहळू बोटं मोकळी केली.

अंगठ्यापासून करंगळीपर्यंत तळहाताची कातडी सोलून निघाली होती. मधल्या पट्ट्यात लाल मांस दिसत होतं आणि त्यात काथ्याचे बारीक तंतू रुतलेले होते.

हिंदुरावच्या हातातला पेला तसाच राहिला.

"कवा झालं ह्ये?"

"तुमचा पाय सटकला तवा."

"बोलला न्हाईस?"

"तुमी वर हुता, दाजी."

...

बाबांनी हळद आणली. तंतू एकेक करून काढले, हळद भरली, जुन्या छाटीची पट्टी फाडून बांधली. सातापाने ओठ दाबून धरले. हिंदुराव समोर बसला होता, पण त्याला त्या हाताकडे बघवेना. तो पुन्हा दारातून जांभळीकडे बघू लागला. जे झालं त्याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की हा माणूस जास्तच चुळबुळ करायचा.

एवढ्यात पाऊस थांबला. लख्ख ऊन पडलं.

"थांबला!" हिंदुराव ताडकन उठला. "बाबा, थांबला बगा! एवढ्यात उरकून टाकतो."

"जांभळीखाली जाऊन ये आधी."

"कशाला?"

"जाऊन ये."

हिंदुराव धावत गेला. थोडा वेळ फांदीखाली मान वर करून उभा राहिला आणि परत आला. डोकं, खांदे, पाठ, सगळं भिजलेलं.

"पाऊस थांबला म्हणालास," बाबा म्हणाले. "मग भिजलास कशानं?"

"झाड गळतंय."

"बरं..."

बाबा पुढे काही म्हणतील म्हणून हिंदुराव थांबला. ते चुलीतली राख सारखी करत होते. तेवढ्यात ऊन गेलं आणि पुढची सर आली.

हिंदुराव चिडला. अगदी खरं सांगायचं तर तो बाबांवर चिडला.

"तुमी हो म्हणत न्हाई, नको म्हणत न्हाई! मी काय करायचं? चढायचं न्हाई तर घरी जाऊ? आणि वाटंचं काय? किटल्या घिऊन बायाबापड्या येतील. त्यांना काय सांगू, हिंदुराव घाबरला म्हणून?"

बाबा उठले. खुंटीवरची पोत्याची खोळ काढून डोक्यावर घेतली. पावसात चालत गेले आणि जांभळीच्या अलीकडे, वाट जिथे वळते तिथल्या दगडावर जाऊन बसले.

सातापाने हिंदुरावकडे पाहिलं. मग डाव्या हाताने आपली खोळ उचलली आणि तोही निघाला. मठात एकटं बसवेना म्हणून हिंदुराव त्यांच्या मागे गेला. सवयीने दोराचं वेटोळं त्याने खांद्यावर टाकलेलं होतं.

तिघे वाट अडवून बसले.

म्हणजे दोघे बसले. हिंदुराव उभा राहायचा, दगडावर टेकायचा, पुन्हा उठायचा. मान सदोदित वर. कुठे पाय ठेवायचा, करवत कुठून घालायची, फांदी कोणत्या बाजूला झुकेल, हे तो पुटपुटत होता. हाताची बोटं हवेत गाठी मारत होती.

संध्याकाळी लोक येऊ लागले. बाबा नुसता हात आडवा करायचे. लोक वळून बांधावरून जायचे. बांध निसरडा, खाली भाताची खाचरं, गुडघाभर चिखल. बाबांना कोण बोलणार? सगळा राग हिंदुरावच्या वाट्याला आला.

"काय रं, सांजच्या आत पाडणार हुतास न्हवं?"

"निम्मी किटली सांडली बग माझी, तुझ्यापायी!"

हिंदुरावने दात आवळून ऐकून घेतलं. असलं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती.

मग रंगा पैलवान आला. पाठीमागे दोन म्हशी, हातात किटली. त्याने फांदी पाहिली, दोर पाहिला, सातापाच्या हाताची पट्टी पाहिली आणि हसला.

"ह्याचा हात गेला म्हणून काम थांबलंय व्हय? मी धरतो की दोर. दोन माणसं टांगली तरी हलायचा न्हाई. चढ तू!"

हिंदुरावच्या अंगात वारं शिरलं. पाऊस आता नुसता भुरभुरत होता. त्याने दोराचं एक टोक कमरेला घेतलं, गाठ आवळली, दुसरं टोक रंगाच्या हातात दिलं. तेव्हा कुठे त्याला बाबांची आठवण झाली.

"बाबा, आता काय म्हणता? पैलवान हाय दोराला."

बाबांनी खोळीचं टोक पिळलं. पाणी खाली गळलं.

"बाबा?"

...

सातापा उठला. काही न बोलता रंगापाशी गेला आणि त्याच्या हातातला दोर काढून घेतला. दोराचा एक वेढा त्याने उजव्या हाताला मारला, पट्टीवरूनच.

"आरं, सोड की! तुझ्यानं हुतंय व्हय?" रंगा म्हणाला.

"दाजी चढणार असतील तर दोर मीच धरणार," सातापा म्हणाला. "त्यांचा पाय सटकायच्या आधी मला कळतंय. तुला कळायचं न्हाई."

त्याने दोर ताणून पाहिला. पिवळी पट्टी मधोमध लाल झाली.

हिंदुराव बघत राहिला. त्याला बोलायचं होतं. काहीतरी जोरात, चारचौघांत शोभेल असं बोलायचं होतं. डोळे मात्र भरून आले, आणि भुरभुर पावसात ते कुणाला दिसलं नाही, हे त्याच्या दृष्टीने बरंच झालं.

तो कमरेची गाठ सोडू लागला.

ओला दोर, वरून आवळलेली गाठ. सुटेना. त्याने नखं लावली, दात लावले. रंगा मोठ्याने हसला. बांधावरून जाणाऱ्या दोन बायाही थांबून बघू लागल्या. हिंदुराव तसाच सगळ्यांसमोर मान खाली घालून गाठीशी झटत राहिला. फार वेळ लागला. शेवटी ती सुटली.

"सोड दोर, सातापा," तो म्हणाला. "आज चढत न्हाई मी."

सातापाने दोर सोडला आणि पहिल्यांदाच "आई गं" म्हणाला.

रंगा म्हशी हाकत बांधाकडे वळला. जाताना म्हणाला, "डेअरीत सांगतो सगळ्यांना, हिंदुरावनं पावसाला रामराम घातला!"

आणि त्याने सांगितलं असणारच.

दिवस मावळला. डेअरीवरून परतणारी माणसंही बांधावरून गेली. शेवटची किटली गेली तसा बांध रिकामा झाला. आता सकाळपर्यंत कुणी येणार नव्हतं. बाबांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या.

जांभळीची फांदी जिथे होती तिथेच होती. दिवसभर पाऊस झेलून ती तसूभरही खाली आली नव्हती.

सातापा हात छातीशी धरून दगडावर बसला होता. हिंदुराव अजून उभाच होता, मान वर.

"पडली न्हाई, बाबा," तो म्हणाला.

"व्हय."

"दिवसभर तशीच हाय बगा. काय झालं न्हाई तिला."

"व्हय."

"मगाशी रंगा आला तवा पाऊस कितीसा हुता? नुसती भुरभुर. डावा पाय त्या गाठीवर दिला असता, करवत खालनं घातली असती... दहाबारा हात मारले असते की काम तमाम. आज घरी जाताना मान वर करून गेलो असतो. आता उद्या गावात तोंड दावायचं कसं? चढलो असतो तर..."

तो बोलतच राहिला. पाय कुठे दिला असता, दोर कुठून घेतला असता, फांदी कशी धाडकन आली असती, लोक काय म्हणाले असते.

सातापाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

बाबा दगडावरून उठले. खोळ झटकली. हिंदुरावच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्याच्यासारखीच मान वर करून अंधारात जांभळीकडे बघू लागले. शेंड्यात कुणी बसलेलं दिसावं, तसे टक लावून बघत होते.

हिंदुराव बोलायचा थांबला.

मग बाबांनी दोन्ही हात वर केले, झाडावरून उतरणाऱ्याला खालून आधार द्यायला करतात तसे.

"हिंदुराव," ते झाडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "अंधार पडला. आता तरी खाली उतर."