एका डोळ्याचं माप

१९३८ सालचा मार्गशीर्ष. भाताची मळणी नुकतीच उरकली होती. चैत्रात वाघजाईच्या भंडाऱ्यासाठी गावाने दाजीसाहेब इनामदारांकडून चाळीस पायल्या तांदूळ उसना घेतला होता. तो आज देवळापुढे परत मापायचा होता.

मापारी माझा चुलता कोंडीबा, एका डोळ्याने आंधळा. आमच्याकडे माप हाती धरणारा आधी देवीची शपथ घेतो, की देताना आणि घेताना माप एकच राहील. शपथ घेऊन त्याने पायली भरली आणि वरची शीग हाताने सपाट केली.

"ए काण्या, शीग राहू दे!" इनामदार ओरडले.

"तुम्ही देताना सपाट दिलंत, सरकार."

"तेव्हाचं तेव्हा. शीग ठेव, नाहीतर उद्यापासून दुसरा मापारी बघतो."

"माझ्या एका डोळ्याला एकच माप दिसतं. दोन मापं बघायला दोन डोळे लागतात, ते तुमचे शाबूत आहेत. ही धरा पायली, घ्या देवीची शपथ आणि मापा तुम्हीच."

सगळं गाव बघत होतं. इनामदारांचे हात शालीखाली गेले.

"माप बाबा," ते म्हणाले.

कोंडीबाने चाळीस पायल्या सपाट मापल्या. गावाचं उसनं फिटलं.