साहेबाला ‘जा’ कोण म्हणणार?

“तीन आठवडे!” देवखिंड संस्थानचे राजे उदाजीराव ओरडले. “चार दिवसांच्या शिकारीला आलेला विल्बीसाहेब तीन आठवडे माझ्या पलंगावर घोरतोय, आणि मी कोठीघरात झोपतोय! मास्तर, त्याला घालवायचं इंग्रजी वाक्य द्या!”

मुलींच्या शाळेचे खांडके मास्तर घाम पुसत म्हणाले, “‘यू मस्ट गो’, सरकार. म्हणजे, गेलंच पाहिजे.”

“गोऱ्या साहेबाला हुकूम? माझी गादी घालवता काय!”

“मग ‘यू शुड गो’. गेलेलं बरं.”

“तो सल्ल्याबद्दल आभार मानेल आणि आणखी एक कोंबडी मागवेल!”

“‘यू हॅव टू गो’... जाणं भाग आहे.”

“कोणी भाग पाडलं म्हणून विचारलं, तर तुमचं नाव सांगू?”

मास्तरांनी पुन्हा घाम पुसला.

“एवढी शाळा काढून दिली, आणि एक वाक्य निघत नाही! उद्या दुपारपर्यंत साहेब गेला नाही, तर शाळा बंद! तिथे हत्ती बांधीन!”

संस्थानात हत्ती एकच होता, तोही म्हातारा. पण शाळेची खोलीही एकच होती, त्यामुळे धमकी बरोबर बसली.

विड्यांचं तबक घेऊन उभी असलेली तांबोळ्याची जैतून त्याच शाळेत चौथीत होती. ती हळूच म्हणाली, “सरकार, वाक्याशिवाय जातील ते. उद्या त्यांच्या सन्मानाचा दरबार भरवा. आणि दारात त्यांची बग्गी ठेवा, सामानासकट.”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. साहेबाच्या शौर्याची भरपूर स्तुती झाली. तीन आठवड्यांत त्याने एक ससा मारला होता. मग राजांनी त्याला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, हार घातला आणि जैतूनच्या तबकातला विडा हातात दिला. विडा मिळाला की पाहुण्याने उठून निघायचं, ही दरबारची रीत. आणि साहेब रीतीचा पक्का! ती मोडणाऱ्या राजांविरुद्धच्या तक्रारी तो स्वतः वर लिहून पाठवायचा.

तो उठला. बँड वाजू लागला. मुजरे घेत घेत तो थेट बग्गीपाशी पोचला आणि आपल्या ट्रंका पाहून थबकला. मागे सगळा दरबार हात जोडून उभा!

“महाराज,” साहेब विडा चावत खिन्नपणे म्हणाला, “आय मस्ट गो!”

बग्गी दिसेनाशी होताच राजे वळले. “मस्ट! हाच शब्द मी म्हटला असता तर गादी गेली असती!”

“म्हणून तर तो साहेबांसाठी राखून ठेवला, सरकार!” जैतून म्हणाली.

राजे पोट धरून हसले. “माग, काय हवं ते!”

“हत्ती.”

“हत्ती? शाळेत बांधायला?”

“नाही सरकार, शाळेत जायला!”

सोमवारपासून म्हातारा हत्ती चौथीच्या मुलींना पाठीवर घेऊन शाळेत येऊ लागला. खांडके मास्तर मात्र चालतच येत राहिले.